धागा: जैवविविधता धोरण बळकट करा म्हणताना नेमकं काय मागायचं?

कातळसडा (धागाकर्ता)

'जैवविविधतेचं रक्षण करा' एवढ्याच मजकुराचं निवेदन दिल्लीला गेलं की पोच येते आणि विषय संपतो. कारण उत्तर तयारच असतं: २००२ चा कायदा आहे, चेन्नईत राष्ट्रीय प्राधिकरण आहे, नागपुरात राज्याचं मंडळ आहे, देशभर गावपातळीवर पावणेतीन लाखांच्या आसपास जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत. कागदावर आपण भलतेच श्रीमंत आहोत. म्हणून मागणी करताना कुठलं कलम, त्यात पळवाट कुठे आणि तिच्या जागी कोणता मजकूर हवा, हे तिन्ही लिहून द्यावं लागतं. या धाग्यावर तशा मागण्या गोळा करू.

सुरुवात पावसाळ्यापासून करतो.

२००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यमापन अधिसूचनेखाली खाणीसारख्या प्रकल्पांना जी प्रमाणित कार्यकक्षा, म्हणजे टीओआर, दिली जाते, तिच्यात पायाभूत माहिती एका हंगामाची मागतात, आणि तो हंगाम पावसाळा सोडून. हवेतली धूळ मोजायला हे ठीक आहे, पावसात धूळ खाली बसते. पण धुळीसाठी केलेला नियम वनस्पती आणि बेडकांनाही लावला जातो. रत्नागिरी-सिंधुदुर्गचा जांभ्याचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, मार्चमध्ये पाहिला तर काळा खडक आणि वाळलेलं गवत दिसतं. अहवालात 'वनस्पती विरळ, दुर्मिळ प्रजाती आढळल्या नाहीत' असं वाक्य येतं, आणि पाहणीच्या दिवसापुरतं ते खरंही असतं! दीपकाडी, गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू ही सड्यावरची रानफुलं, सगळं जून ते ऑक्टोबरमध्ये येतं आणि जातं.

मागणी अशी: पश्चिम घाट आणि कोकणातल्या सड्यांवरच्या प्रकल्पांना जैवविविधतेची पाहणी किमान दोन हंगामांत, त्यातला एक जून ते ऑक्टोबर. यात अशक्य काही नाही. नदीखोरे प्रकल्पांना पावसाळ्यासह तीन हंगामांची माहिती आजही द्यावी लागते.

पाहणी कशी हवी तेही लिहा, नाहीतर एका दुपारची चक्कर पाहणी म्हणून खपवली जाते. लहान रोपं आणि गवतासाठी १ मीटर × १ मीटरच्या चौकटी. सड्यावर डबकी, उथळ माती, खडकातल्या भेगा आणि उघडा खडक यांत वेगवेगळ्या. पहिली फेरी पाऊस स्थिरावल्यावर दोन-तीन आठवड्यांत (दीपकाडीचा फुलोरा, बेडकांचे आवाज रात्री), दुसरी ऑगस्ट-सप्टेंबरात, तिसरी ऑक्टोबरात. गवतं तुऱ्यावर आल्याशिवाय ओळखता येत नाहीत, म्हणून ही तिसरी फेरी टाळू नका.

---

कलम_छत्तीस

उत्तम मुद्दा. याला कायद्याचा आधारही आहे, फक्त तो ढिला आहे. जैवविविधता कायद्याचं कलम ३६(४) म्हणतं की ज्या प्रकल्पाचा जैवविविधतेवर प्रतिकूल परिणाम होण्याची शक्यता आहे, त्याच्या मूल्यमापनासाठी केंद्र सरकार उपाय करील, पण 'आवश्यक असेल तिथे'. आवश्यक कुठे, हे ठरवणार केंद्रच. त्या शब्दांच्या जागी अनुसूची मागा: कातळसडे, जायफळवर्गीय झाडांच्या दलदली, देवराया, गवताळ माळ, खारफुटी. यांतलं काहीही प्रकल्पक्षेत्रात असेल तर मूल्यमापन बंधनकारक.

दुसरी पळवाट कलम ४१(२). समितीच्या हद्दीतल्या जैविक संसाधनांबाबत निर्णय घेताना राष्ट्रीय प्राधिकरण आणि राज्य मंडळ समितीचा सल्ला घेतील, असं ते कलम म्हणतं. हा सल्ला फक्त या कायद्याखालच्या निर्णयांपुरता आहे. खाणीची पर्यावरण मंजुरी १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली मिळते, वनजमीन वेगळ्या कायद्याखाली वळते. त्या दोन्ही फायलींत गावच्या समितीला कुणी विचारत नाही. तेव्हा 'समित्यांना अधिकार द्या' असं मोघम न मागता 'पर्यावरण मंजुरीच्या अर्जाला हद्दीतल्या समितीचा लेखी अभिप्राय आणि लोक जैवविविधता नोंदवहीची संबंधित पानं जोडणं बंधनकारक करा' असं मागा. (नोंदवही म्हणजे गावातल्या जैवविविधतेची समितीने लोकांशी बोलून केलेली नोंद.) ही मागणी मान्य व्हायला संसदेत जायची गरज नाही. अधिसूचनेत दुरुस्ती करून भागतं, आणि मंत्रालयाला ते सोपं असतं.

आणि कलम ३६(२) विसरू नका. जैवविविधतेने संपन्न भाग अतिवापराने किंवा दुर्लक्षाने धोक्यात आलाय असं केंद्राला वाटलं, तर ते राज्याला तातडीच्या उपायांचे निर्देश देतं. हे कलम फारसं कुणी वापरत नाही. ग्रामसभेचा ठराव, जागेचा नकाशा आणि दोन हंगामांचे फोटो एवढं जोडून थेट या कलमाखाली मागणी करता येते.

---

सातबारा

सगळं खरं, पण गावात 'इको-सेन्सिटिव्ह', म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र, म्हटलं की सभा उधळते. शेतकऱ्याला वाटतं की उद्या गोठा बांधायलाही दिल्लीची परवानगी लागणार. त्याला काय सांगायचं?

---

रानवही

सातबारा, मसुदाच वाचून दाखवायचा. पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राच्या केंद्राच्या अधिसूचनेचा जो मसुदा आहे, त्यात बंदी आहे ती खाणी, दगडखाणी आणि वाळूउपशावर. चालू खाणी अंतिम अधिसूचनेपासून पाच वर्षांत किंवा भाडेपट्टा संपेल तेव्हा, जे आधी येईल तेव्हा बंद. नवे औष्णिक वीजप्रकल्प नाहीत. लाल वर्गातले, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणारे, नवे उद्योग नाहीत. २०,००० चौरस मीटर आणि त्यावरची नवी बांधकामं नाहीत, ५० हेक्टर आणि त्यावरच्या वसाहती नाहीत. शेती, बागायत, गोठा, घरदुरुस्ती यांतलं काहीही या यादीत नाही. सभेत 'शेतीवर बंदी येणार' असं कुणी म्हणालं तर मसुद्यातला परिच्छेद दाखवा म्हणायचं. दाखवता येत नाही.

खरी अडचण निराळी आहे. पश्चिम घाटावरच्या गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. पहिला मसुदा १० मार्च २०१४ ला आला आणि सहावा ३१ जुलै २०२४ ला. सहाव्यात सहा राज्यांतलं सुमारे ५६,८२६ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, त्यात महाराष्ट्राचं १७,३४० आणि गोव्याचं १,४६१. मसुदा आला की ६० दिवस हरकतींना, आणि ७२५ दिवसांत अंतिम अधिसूचना नाही निघाली की मसुदा बाद. मग पुन्हा तोच खेळ. सहाव्याचे ७२५ दिवस जुलै २०२६ मध्ये भरतात.

धोरणातली मागणी त्यामुळे अशी असावी: पर्यावरण संरक्षण नियमांतल्या नियम ५ मध्ये तरतूद करा की संवेदनशील क्षेत्राचा मसुदा मुदतीत अंतिम झाला नाही तर त्यातले निर्बंध पुढचा निर्णय होईपर्यंत लागू राहतील. आज टाळाटाळ करणाऱ्यालाच फायदा मिळतो.

---

कलम_छत्तीस

रानवही, एक भर घालतो. निर्बंध अगदीच नाहीत असं नाही. १३ नोव्हेंबर २०१३ ला मंत्रालयाने पर्यावरण कायद्याच्या कलम ५ खाली निर्देश काढले, त्यांत खाणी, औष्णिक वीज, मोठी बांधकामं यांना मंजुरी देऊ नका असं आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही सांगितलं की मसुद्यातलं क्षेत्र घटवून मंजुऱ्या देऊ नयेत. पण निर्देश म्हणजे अधिसूचना नव्हे. निर्देश एका पत्राने बदलता येतात, आणि गावाला ते माहीतही नसतात. तुमची मागणी योग्यच आहे, फक्त निवेदनात 'सध्या कोणतंही संरक्षण नाही' असं लिहू नका. त्या एका वाक्यावरून अख्खं निवेदन फेटाळतात.

---

सातबारा

हे उपयोगी आहे. हरकत लिहायची कशी तेही सांगा. मागच्या वेळी एकाच मजकुराच्या शेकडो प्रती गेल्या म्हणतात.

---

रानवही

एकाच मजकुराच्या हजार प्रती गेल्या तरी मुद्दा एकच धरला जातो. त्यापेक्षा गावागणिक एक, पण नेमकी. गावाचं नाव मसुद्याच्या जोडपत्रातल्या यादीत जसं छापलंय तसंच लिहा. तालुक्यात एकाच नावाची दोन गावं असतील तर जनगणना संकेतांक घाला. मागणी संपूर्ण गाव घ्या किंवा वगळा अशी नको, गट क्रमांकांनुसार करा. कुठल्या गटांत ओढ्याचे उगम, देवराई, सडा. कुठल्या गटांत वस्ती आणि कलमांची बाग. मसुद्याचं एकक गाव असल्यामुळे अर्धी भांडणं होतात. गावठाण आणि देवराई एकाच रंगात रंगवल्यावर दुसरं काय होणार? गटवार हरकत आली की वगळण्याची मागणीही प्रामाणिक दिसते आणि समावेशाचीही.

---

पानथळ

नोंदवह्यांचं काय? सगळे तिचा आधार घ्या म्हणतात, पण बहुतेक नोंदवह्या आधार घेण्याजोग्या नाहीत.

हरित लवादाने ९ ऑगस्ट २०१९ ला नोंदवह्या पूर्ण करायला ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली. त्यानंतर ज्या राज्याचं काम अपुरं, त्याला महिन्याला १० लाख रुपये दंड. मग काय, नोंदवह्यांचा पाऊस पडला. काम ठेकेदार संस्थांकडे गेलं, आणि गाव बदललं तरी यादी तीच राहिली. मूळ नियमांनुसार समितीचं मुख्य कामच लोकांशी बोलून नोंदवही करणं आहे.

कामाची नोंदवही ओळखायची खूण: प्रजातीच्या नावापुढे जागा लिहिलीय का. नुसतं 'हिरडा – आहे' याला मंजुरीच्या सुनावणीत शून्य किंमत. 'हिरडा, गट क्रमांक अमुक, मोठी झाडं अंदाजे इतकी, बाळहिरडा कोणत्या महिन्यात गोळा होतो, कोण गोळा करतं, मागच्या दहा वर्षांत वाढला की घटला, नवी रोपं दिसतात का' एवढं असेल तर ती पुराव्यासारखी वापरता येते. स्थानिक नाव आधी, शास्त्रीय नाव नंतर, आणि शास्त्रीय नाव कुणी पडताळलं तेही. औषधी ज्ञान मात्र सगळं उघड छापू नका. कोणती वनस्पती, हे लिहा. कशात मिसळून किती मात्रेत, हे वैदूच्या संमतीशिवाय नको.

राष्ट्रीय पातळीवर मागणी: दर पाच वर्षांनी नोंदवही अद्ययावत करणं बंधनकारक, त्यासाठी प्रत्येक समितीला ठरलेला निधी, आणि जिल्ह्यातल्या काही नोंदवह्यांची महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्र विभागांकडून प्रत्यक्ष जागेवर तपासणी. मुदत आणि दंड यांनी वह्यांची संख्या वाढली, दर्जा वाढला नाही. पुन्हा दंडच मागू नका.

---

गुळवेल_वर्ग

जैवविविधता कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीबद्दल अजून कुणीच बोललं नाही. १ एप्रिल २०२४ पासून ती लागू आहे आणि तिने समितीच्या हातात एक अतिशय जोखमीचा शिक्का दिलाय.

कलम ७ नुसार व्यापारी वापरासाठी जैविक संसाधन घेणाऱ्याने राज्य मंडळाला आधी कळवायचं असतं. दुरुस्तीने यातून ग्रंथबद्ध (आयुर्वेदासारख्या ग्रंथांत लिहिलेलं) पारंपरिक ज्ञान आणि लागवडीच्या औषधी वनस्पती वगळल्या. लागवडीचा माल असल्याचं उत्पत्ती प्रमाणपत्र समिती देणार. म्हणजे जंगलातला माल 'शेतातला' ठरवायचा असेल तर फक्त समितीची सही मिळवायची.

कुठे फसतं ते बघा. सप्तरंगीची मुळं लागतात, मूळ काढलं की वेल संपली, आणि ती वाढते सावकाश. नरक्याच्या लाकडा-मुळांतून कर्करोगावरच्या औषधांसाठी लागणारं कॅम्प्टोथेसिन मिळतं, त्यामुळे सह्याद्रीत त्याची चोरटी तोड होते. दोन वर्षांच्या लागवडीतून ट्रकभर मुळं किंवा मनगटाएवढी खोडं निघणं शक्य नाही. प्रमाणपत्रावर सही करण्याआधी समितीने एवढं तरी पाहावं: सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत लागवडीची नोंद आहे का आणि कोणत्या हंगामापासून, रोपं कुठून आणली त्याची पावती, क्षेत्र आणि मागितलेलं वजन यांचा मेळ बसतो का, काढणीआधीचा आणि नंतरचा फोटो, जागेच्या अक्षांश-रेखांशासह. मालात जाड, जुनी, वेडीवाकडी मुळं आणि एकसारखी कोवळी मुळं मिसळलेली दिसली तर जंगलातला माल मिसळलाय असं समजून पुढे चौकशी करा.

मागणी: मुळं, साल किंवा खोड यांसाठी तोडल्या जाणाऱ्या आणि धोक्यात असलेल्या प्रजातींना ही सूट नको. अशा प्रजातींची यादी कलम ३८ खाली केंद्राला राज्याशी सल्लामसलत करून काढता येते. तिचा आणि सुटीचा संबंध नियमांत जोडून द्या, एवढंच.

---

कलम_छत्तीस

+१. शिक्षेचंही बघा. पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती, दुरुस्तीने ती काढली. आता १ लाख ते ५० लाख दंड, नुकसान जास्त असेल तर त्या प्रमाणात, आणि उल्लंघन चालूच राहिलं तर आणखी १ कोटीपर्यंत. मला कैद परत आणण्याची मागणी फार पुढे जाईल असं वाटत नाही. त्यापेक्षा दंड ठरवणाऱ्या निवाडा अधिकाऱ्याने ठरावीक महिन्यांत आदेश द्यावा, प्रत्येक आदेश संकेतस्थळावर टाकावा आणि नुकसान कसं मोजलं ते त्यात लिहावं, ही मागणी मिळण्यासारखी आहे. नुकसान मोजायची पद्धतच नसेल तर 'त्या प्रमाणात' या शब्दांना अर्थ राहत नाही.

---

पानथळ

आणि पैसा? लाभवाटणीचा?

---

गुळवेल_वर्ग

डिसेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की लाभवाटणी, म्हणजे जैविक संसाधन वापरणाऱ्या कंपनीने द्यायचा वाटा, देशी कंपन्यांनाही लागू आहे. २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वार्षिक विक्री १ कोटीपर्यंत ०.१ टक्के, ३ कोटींपर्यंत ०.२, पुढे ०.५ असे दर होते. २०२५ च्या विनियमांनी ते बदलले: ५ कोटींपर्यंतच्या उलाढालीला माफी, ५ ते ५० कोटी ०.२, ५० ते २५० कोटी ०.४, त्यापुढे ०.६ टक्के. दरावर वाद घालता येईल, पण मुख्य गळती त्याच्या खाली आहे. व्यापारी चार जिल्ह्यांतला माल एका गोदामात ओततो. कंपनीच्या बिलावर 'हिरडा, अमुक टन' एवढंच असतं, गावाचं नाव नसतं. गाव माहीत नाही म्हटल्यावर पैसा वरच्या निधीत पडून राहतो. वनोपजाच्या वाहतूक परवान्यावर मूळ ठिकाण लिहिलेलं असतंच. तोच क्रमांक खरेदीच्या प्रत्येक बिलावर शेवटच्या कंपनीपर्यंत नेणं सक्तीचं करा, आणि कोणत्या समितीला किती रक्कम गेली याचा वार्षिक तक्ता प्राधिकरणाने छापावा. दोन ओळींची मागणी आहे.

---

म्हादईकाठ

गोव्यातून लिहितो. बंधनकारक तरतुदीचा फरक म्हादईच्या प्रकरणात दिसला. म्हादई अभयारण्य व्याघ्र प्रकल्प करा या राष्ट्रीय व्याघ्र प्राधिकरणाच्या शिफारशीवर राज्य बसून राहिलं होतं. २४ जुलै २०२३ ला उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा असं सांगितलं, कारण वन्यजीव कायद्यात त्या शिफारशीनंतर राज्याला मोकळीक ठेवलेली नाही. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं हा भाग वेगळा. जैवविविधतेने संपन्न जागेला 'जैवविविधता वारसा स्थळ' घोषित करण्याचं जैवविविधता कायद्याचं कलम ३७ मात्र पूर्णपणे राज्याच्या मर्जीवर आहे. समितीने प्रस्ताव दिला तर किती दिवसांत हो किंवा नाही सांगायचं, याला मुदत नाही. सहा महिन्यांत कारणांसह निर्णय, अशी मुदत मागा.

---

कातळसडा

यात भर म्हणजे वारसा स्थळं लहानही असू शकतात, हे गावांना माहीतच नसतं. आंबोलीचं हिरण्यकेशी माशाचं स्थळ जेमतेम २.११ हेक्टर आहे. प्रस्ताव देताना कलम ३७(३) चा उल्लेख करा: घोषणेमुळे कुणाचं आर्थिक नुकसान झालं तर भरपाई किंवा पुनर्वसनाची योजना राज्याने करायची आहे. गावातला विरोध निम्मा तिथेच मावळतो.

---

सातबारा

मसुदे मराठीत का नसतात, हेही घाला.

---

कलम_छत्तीस

घालाच. २०२० च्या आघात मूल्यमापन मसुद्याच्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जूनला आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत भाषांतर करा असं सांगितलं आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. तो आदेश त्या मसुद्यापुरता होता. मागणी अशी: हरकतींची मुदत राज्यभाषेतला मसुदा प्रसिद्ध झाल्याच्या दिवसापासून मोजा.

---

पानथळ

आता पाठवायचं कुठे आणि कसं, त्याबद्दल थोडं.

आधी माहिती अधिकार. महाराष्ट्रातल्या कार्यालयाकडे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर, फी १० रुपये. समितीची स्थापना, नोंदवही आणि निधी हे तीन विषय एका अर्जात घातले की तो परत येतो. केंद्राकडे मर्यादा ५०० शब्दांची आहे. उत्तराला ३० दिवस.

मग खासदार. 'आवाज उठवा' म्हणून भेटू नका, तयार प्रश्न द्या. लोकसभेच्या प्रश्नाला १५ दिवसांची पूर्वसूचना लागते आणि तो साधारण १५० शब्दांत बसवायचा असतो, म्हणजे अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या त्याच आठवड्यात मजकूर पोचवा. आकडा मागणारा प्रश्न करा, मत विचारणारा नको. मंत्री 'माहिती गोळा केली जात आहे' म्हणाले तरी निराश होऊ नका. ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं, आणि त्यासाठी शासकीय आश्वासन समिती आहे. खासदारांना त्याची आठवण करून द्यावी लागते!

नमुना: 'पर्यावरण मंत्री सांगतील का: (क) गेल्या तीन वर्षांत पश्चिम घाटातील जिल्ह्यांत खाण प्रकल्पांना दिलेल्या पर्यावरण मंजुऱ्यांपैकी किती प्रस्तावांत जून ते ऑक्टोबरमधील जैवविविधता पाहणी समाविष्ट होती, (ख) किती प्रस्तावांना लोक जैवविविधता नोंदवही जोडलेली होती, (ग) नसल्यास ती बंधनकारक करण्याचा प्रस्ताव आहे का, आणि कधीपर्यंत?'

---

रानवही

प्रश्न झकास. (क) मध्ये 'जिल्हानिहाय' हा शब्द घाला, नाहीतर सहा राज्यांचा एकच आकडा देऊन मोकळे होतील.

आणि संदर्भ म्हणून एक ओळ: ऑक्टोबर २०२४ मध्ये कोलंबियातल्या काली इथल्या परिषदेत भारताने सुधारित राष्ट्रीय जैवविविधता आराखडा सादर केला, त्यात २०३० पर्यंतची २३ उद्दिष्टं आहेत. प्रत्येक मागणीच्या खाली ती कोणत्या उद्दिष्टाशी जुळते तो क्रमांक टाका. सरकारने स्वतः लिहून दिलेलं नाकारायला जरा जड जातं.

---

सातबारा

ग्रामसभेच्या ठरावाचाही एक मसुदा द्या. १५ ऑगस्टच्या सभेत ठेवता येईल.

---

कलम_छत्तीस

घ्या. कंसातलं गावाप्रमाणे भरा.

'ठराव: मौजे (गाव) येथील गट क्रमांक (…) मधील कातळसडा, ओढ्यांचे उगम व देवराई हे क्षेत्र लोक जैवविविधता नोंदवहीच्या पान क्रमांक (…) वर नोंदलेले आहे. या क्षेत्रास (उत्खनन / वणवा / अतितोड) यामुळे धोका निर्माण झाला असल्याने जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३६(२) अन्वये केंद्र शासनाने राज्य शासनास निर्देश द्यावेत, तसेच या क्षेत्रातील कोणत्याही प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीपूर्वी जून ते ऑक्टोबर या काळातील पाहणी व व्यवस्थापन समितीचा लेखी अभिप्राय घेण्यात यावा. सूचक (…), अनुमोदक (…), सर्वानुमते / बहुमताने मंजूर.'

सभेची गणपूर्ती आणि उपस्थितांच्या सह्या कार्यवृत्तात आहेत ना, ते बघा. पुढे ठराव न्यायालयात टिकतो की नाही ते त्यावर ठरतं. प्रत राज्य मंडळ, राष्ट्रीय प्राधिकरण आणि मंत्रालय अशा तिघांना नोंदणीकृत टपालाने. ईमेलही करा, पण पोचपावती टपालाचीच जपून ठेवा.

---

सातबारा

मिळालं. 'अतितोड' काढून आमच्याकडे 'चिरेखाण' घालतो.